बर्फात ट्रक न्यायचाय? टायर आणि साखळी कशी निवडायची, कशी चढवायची

निफाड, लासलगाव, संगमनेर या पट्ट्यातून कांदा भरून जम्मू-श्रीनगरला जायचं आणि येताना सफरचंद घेऊन वाशी मार्केटला उतरायचं, हा धंदा आपल्याकडे बऱ्याच गाडीवाल्यांचा आहे. आधी सफरचंदाची लाइन म्हणजे ऑगस्ट ते नोव्हेंबर, पण आता पुलवाम्याच्या लस्सीपोऱ्याला मोठमोठी कोल्ड स्टोअर झाल्यापासून जानेवारी-फेब्रुवारीत पण माल निघतो, भाडं पण चांगलं मिळतं, म्हणून मग आयुष्यात कधी बर्फ न बघितलेली गाडी आणि ड्रायव्हर भर थंडीत काझीगुंडला जाऊन उभे राहतात. त्यातले काही जण पुढे कारगिल-द्रासचं भाडं मिळालं की झोजीला घाटाच्या लाइनीला पण लागतात. मी स्वतः बरेच सीझन हे केलंय आणि दरवर्षी नवीन पोरांचे फोन येतात की दादा साखळी कुठली घेऊ, टायर बदलू का, तर एकदाच सगळं लिहून काढतो.

पहिली गोष्ट, साखळी, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायची लोखंडी चेन, तिकडे गेल्यावर घ्यायची नाही. घरून निघायच्या आधी घ्या, स्वतःच्या अंगणात स्वतःच्या टायरवर चढवून बघा, दोनदा काढा, दोनदा घाला. बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे करा. कारण झोजीलाच्या अलीकडे सोनमर्गला पोलिसांनी गाडी अडवली की चेन कुठंय, आणि मग तुम्ही रस्त्याकडेच्या दुकानातून जी मिळेल ती उचलली, तर ती तुमच्या टायरची असेलच असं नाही आणि उणे आठ डिग्रीत बोटं बधिर झालेली असताना ती बसत का नाही हे शोधायला तुमच्या अंगात जीव उरलेला नसतो.

आधी रस्ता समजून घ्या

कुठे चाललोय त्यावर तयारी ठरते. जम्मू ते श्रीनगर एनएच ४४ वर आता बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा २०२१ पासून चालू आहे, त्यामुळे जुन्या जवाहर बोगद्याच्या घाटातला बर्फ टळतो. तरी बोगदा १७९० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा उंच, आणि काझीगुंडच्या बाजूला सकाळी रस्ता गोठलेला मिळू शकतो. इथे बहुतेक वेळा चांगले टायर आणि डोकं शांत ठेवलं की भागतं, साखळी गाडीत हवी पण रोज लागेलच असं नाही.

झोजीला म्हणजे वेगळंच प्रकरण. ३५२८ मीटर, दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी वर राहील एवढी उंची. २०२५ च्या जानेवारीत झेड-मोड बोगदा उघडला, साडेसहा किलोमीटरचा, त्यामुळे गगनगीरच्या पुढचा हिमकडे कोसळायचा भाग टळला आणि सोनमर्गपर्यंत जाणं सोपं झालं, पण सोनमर्गच्या पुढे खरा घाट तसाच आहे, मोठा बोगदा पूर्ण होईपर्यंत तसाच राहणार. हा रस्ता पूर्वी हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असायचा. आता बीआरओवाले (सीमेवरचे रस्ते सांभाळणारी सरकारी संस्था) बर्फ कापून लवकर उघडतात, २०२५ मध्ये तर ३२ दिवसांत, १ एप्रिलला उघडला. म्हणजे रस्ता उघडा आहे पण दोन्ही बाजूला बर्फाच्या भिंती आणि मधे दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून काचेसारखं झालेलं, अशा दिवसांत आता ट्रक जातात. ट्राफिक एकेरी सोडतात, एक दिवस किंवा एक वेळ घाटापलीकडच्या मीनामर्गकडून, दुसऱ्या वेळी सोनमर्गकडून, आणि सूचनेत सरळ लिहिलेलं असतं की फक्त फोर बाय फोर (चारही चाकांनी ओढणाऱ्या) किंवा अँटीस्किड चेन लावलेल्या गाड्या.

मनालीकडून अटल बोगदा आहे, ९.०२ किलोमीटर, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. तो उघडा असतो पण सोलांग ते धुंदी आणि पलीकडे सिस्सूच्या बाजूला पाला पडतो. पाला म्हणजे तिकडचे लोक रस्त्यावरच्या पातळ, न दिसणाऱ्या बर्फाला म्हणतात, रस्ता नुसता ओला वाटतो आणि पाय ब्रेकवर गेला की समजतं. भुसभुशीत ताज्या बर्फापेक्षा मला पाल्याची भीती जास्त वाटते.

एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते, ती म्हणजे बर्फ शून्याच्या आसपास असताना सगळ्यात निसरडा असतो, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. उणे १५ ला तोच बर्फ कोरडा आणि जरा पकड देणारा होतो. म्हणजे ऊन पडलं, आता बरं झालं, असं धरून दुपारी जोरात निघू नका, आणि संध्याकाळी ऊन गेल्यावरचे दोन तास तर सगळ्यात वाईट.

टायरचं बघू

आपल्या गाड्यांना पुढे रिब (लांब सरळ रेघांच्या नक्षीचे) आणि मागे हौसिंगला, म्हणजे इंजिनचा जोर जातो त्या एक्सलला, लग (जाड आडव्या ठोकळ्यांचे) टायर असतात, ही पद्धत बर्फासाठी पण ठीकच आहे. लगच्या खोल खाचा ताज्या बर्फात रुततात आणि पकड देतात. पण गोठलेल्या रस्त्यावर लगचा काही उपयोग नाही, उलट रबर जमिनीला कमी टेकतं, म्हणून माझ्या गाडीला लग आहे मला काय होतंय असं समजू नका, तिथे साखळीच लागते.

कायद्याने ट्रकच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटर असली तरी चालते. बर्फाला हा आकडा विसरून जा. माझा नियम असा की हौसिंगच्या चारही टायरला किमान ८ मिमी नक्षी असल्याशिवाय मी काझीगुंडच्या पुढे जात नाही, आणि पुढच्या दोन टायरला ६. मोजायला डेप्थ गेज मिळतो, स्वस्तात मिळतो, घेऊन ठेवा. गोटा झालेला, म्हणजे नक्षी संपलेला टायर साखळी लावून पण धड चालत नाही कारण टायर साखळीच्या आत घसरून फिरतो आणि साखळी जागच्या जागी राहते.

रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवीन नक्षी चढवलेल्या टायरबद्दल सगळे विचारतात. मागे डमीला, म्हणजे जोर न जाणाऱ्या नुसत्या फिरणाऱ्या एक्सलला, चांगल्या कंपनीचं रिमोल्ड असेल तर मी चालवतो, हौसिंगला नवीन किंवा निम्म्यापेक्षा कमी झिजलेला मूळ टायर, आणि पुढे रिमोल्ड अजिबात नाही, बर्फ असो नसो.

टायरचं वय पण बघा. बाजूला चार आकडे असतात, समजा ३२२२ लिहिलंय तर २०२२ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. रबर जुनं झालं की कडक होतं, आणि थंडीत मुळात सगळंच साधं रबर कडक होतं, सात-आठ डिग्रीच्या खाली गेलं की आपल्या उन्हाळी टायरची पकड जाणवण्याइतकी कमी होते. म्हणजे पाच-सहा वर्षांचा टायर, नक्षी छान दिसते पण दाबून बघितला की नख रुतत नाही, असा टायर बर्फासाठी ठेवू नका, तो नागपूर लाइनला वापरा.

युरोपात ट्रकला वेगळे विंटर टायर असतात, रबर मऊ, नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा, आणि बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह. ते चिन्ह बर्फावर चाचणी दिल्यावरच मिळतं. एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) हे अक्षरी चिन्ह कंपनी स्वतःच लावते, त्यावर फार विसंबू नका. आपल्याकडे जड ट्रकसाठी असे खरे विंटर टायर सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून आपला हिशोब चांगला लग आणि चांगली साखळी असाच राहतो. जर्मनीत ट्रकच्या पुढच्या आणि हौसिंगच्या चाकांना बर्फाळ रस्त्यावर हे डोंगराचं चिन्ह असलेलेच टायर लागतात. तिकडे कुणी आपला माणूस ड्रायव्हरकीला गेला असेल तर त्याने आपला अनुभव सोडून तिथला नियम बघावा.

नायलॉन (जुन्या पद्धतीचा, तिरक्या धाग्यांचा) की रेडियल, तर रेडियल. टायरचा तळ जमिनीला सपाट आणि जास्त टेकतो. पण एका एक्सलवर नायलॉन आणि रेडियल मिसळू नका. जोडीतल्या आतल्या-बाहेरच्या टायरची उंची पण सारखी पाहिजे, एक नवीन आणि एक झिजलेला असला तर झिजलेला अधांतरी राहतो, आणि नेमकी साखळी त्याच्यावर असली तर मग काही उपयोगच नाही.

हवेचं गणित

नाशिकला ३० डिग्रीत ११० पीएसआय हवा भरून निघालात आणि सोनमर्गला उणे १० मध्ये सकाळी गेज लावला तर हिशोबाने १६ पीएसआयच्या आसपास हवा कमी झालेली असते. उंचीवर बाहेरचा दाब कमी असतो म्हणून त्यातले तीनेक गेजवर परत दिसतात, तरी १२-१३ कमीच. टायर लीक नाहीये, थंडीने हवा आकसली. लोडेड गाडीला एवढी कमी हवा म्हणजे टायरचे गाल (बाजूच्या भिंती) दबतात, आणि साखळी गालाला घासायला लागते. म्हणून गाडी रात्रभर थांबली असेल तेव्हा सकाळी, चालवायच्या आधी हवा चेक करा आणि पूर्ण करा. आणि परत खाली पठाणकोट-लुधियानाला आल्यावर पुन्हा चेक करा, तिकडे भरलेली हवा खाली उन्हात वाढते.

बर्फात हवा कमी केली की पकड वाढते असं कुणीतरी सांगतं. ते जीपवाल्यांचं वाळूतलं गणित आहे, भरलेल्या ट्रकला करू नका.

व्हॉल्व्हला टोपी नसेल तर पाणी आत जाऊन गोठतं आणि पिन चिकटते, हवा भरली की सुटतच राहते. चारआण्याची वस्तू, सगळ्या चाकांना धातूची टोपी लावून घ्या.

साखळी निवडताना

आता मुख्य विषय. दोन प्रकार बाजारात दिसतात. एक शिडीसारखी, दोन बाजूच्या लांब साखळ्या आणि मधे आडव्या. दुसरी चौकट-चौकट जाळीची, डायमंड म्हणतात. शिडीची साखळी स्वस्त, जड, रिपेअर करायला सोपी, आडवी एखादी तुटली तर दुसरी जोडता येते. पण तिच्या दोन आडव्यांच्या मधल्या जागेत टायर नुसता बर्फावर टेकतो आणि गाडी बाजूला सरकण्यापासून ती फार अडवत नाही. जाळीची साखळी सतत जमिनीला असते म्हणून आडवी घसरण पण धरते, घाटातल्या वळणाला हे फार महत्त्वाचं. माझं मत स्पष्ट आहे, एकच जोडी घेणार असाल तर हौसिंगसाठी जाळीची घ्या, पैसे जास्त गेले तरी. दोन जोड्या घ्यायची ऐपत असेल तर हौसिंगला जड शिडीची चालेल, पण पुढच्या चाकांना जाळीचीच.

साखळीचं लोखंड कसलं आहे ते बघणं सगळ्यात महत्त्वाचं आणि हे मी महागात शिकलो. सुरुवातीच्या एका सीझनला वाटेतल्या एका दुकानातून घाईत साखळी घेतली, चकचकीत, नवीन, वजनदार. मार्चच्या शेवटी झोजीला चढताना शैतान नाल्याच्या अलीकडे मागून एकदम फाडफाड आवाज यायला लागला. मी थांबेपर्यंत आडवी साखळी एका टोकाला तुटून चाबकासारखी फिरत होती आणि तिने मडगार्डचा पत्रा तर फाडलाच, हौसिंगच्या ब्रेकच्या चेंबरचा एअर पाइप कापला. हवा गेली, स्प्रिंग ब्रेक लागला, गाडी जागेवर जाम. मागे अख्खी लाइन उभी. एक कारगिलचा वयस्कर ड्रायव्हर खाली उतरून आला, तुटलेली कडी हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, भाईजान ये तो गेट की चेन है. त्याने स्वतःच्या गाडीतून पाइपचा तुकडा आणि दोन जॉइंट काढून दिले, पैसे घेतले नाहीत. चार तास गेले त्यात.

त्याने मला कानशीची युक्ती शिकवली. साखळीच्या एका कडीवर कानस ओढायची. साधं मऊ लोखंड असेल तर कानस चावते, चकचकीत ओरखडा पडतो, भुकटी निघते. कडक पाणी दिलेली कडी असेल तर कानस वरून नुसती सरकते, आवाज पण वेगळा, काचेवर खरडल्यासारखा. मऊ साखळी म्हणजे विहिरीच्या बादलीची साखळी, उघड्या दगडी रस्त्यावर पाच-दहा किलोमीटरात संपते. दुकानदार कानस लावू देत नसेल तर तिथून निघा.

ट्रकच्या आडव्या साखळीची कडी ७ ते ८ मिमी जाड पाहिजे. टेम्पोची, छोटा हत्तीची साखळी दहा चाकीला जोडून जोडून लावणारे मी बघितलेत, ती पहिल्या चढाला तुटते.

माप घेताना टायरवर लिहिलेला साइज बघा आणि त्याच साइजची मागा. १०.००-२० आणि २९५/८०आर २२.५ या दोन्ही टायरची उंची जवळजवळ सारखी असते, फरक एक सेंटीमीटरच्या आसपास, म्हणून दुकानदार म्हणतो चालेल हो दोन्हीला, पण २९५ चा टायर रुंद असतो आणि आडव्या साखळ्या तोकड्या पडतात, बाजूची साखळी नक्षीच्या काठावर चढते आणि टायर कापते. दुसरं म्हणजे झीज. लग टायर १५ मिमी झिजला की त्याचा व्यास ३० मिमीने कमी होतो आणि घेर जवळजवळ ९५ मिमीने, म्हणजे चार-पाच बोटं साखळी सैल. म्हणूनच सांगतो की ज्या टायरवर जायचंय त्याच टायरवर घरी चढवून बघा. जास्तीच्या कड्या कापून टाकायच्या का ठेवायच्या हे तेव्हाच ठरतं.

किती घ्यायच्या आणि कुठल्या चाकाला

इथे दहा चाकी, बारा चाकी, चौदा चाकीवाले चुकतात. मागे चाकं कितीही असली तरी आपल्या माल वाहणाऱ्या बहुतेक गाड्यांना इंजिनचा जोर एकाच एक्सलवर जातो, जिथे हौसिंग आहे तिथे. बाकी डमी, नुसती फिरतात. साखळी डमीला लावली तर चढावर शून्य फायदा. ऐकायला वेडेपणा वाटेल पण मी स्वतः बघितलंय, शेवटच्या एक्सलला हात पोचायला सोपं म्हणून तिथे साखळ्या आणि गाडी जागेवर चाक फिरवतेय. खाली वाकून बघा, इंजिनकडून येणारा फिरता दांडा, म्हणजे जॉइंट, कुठल्या एक्सलला जातो. टिप्परला दोन्ही एक्सल जोराचे असू शकतात, मग दोन्हींना लावा. आर्मीच्या गाड्या पुढूनमागून सगळ्या चाकांनी ओढतात, त्या चालल्या म्हणून आपली पण जाईल असं समजून त्यांच्या मागे घुसू नका.

लिफ्ट एक्सल असेल आणि गाडी रिकामी असेल तर तो उचला, सगळं वजन हौसिंगवर येतं आणि पकड वाढते. भरलेल्या गाडीला उचलू नका, हौसिंगवर वजन जास्त होऊन टायर फुटेल. रिकामी गाडी बर्फावर भरलेल्यापेक्षा जास्त त्रास देते, हे लक्षात असू द्या.

जोडचाकात साखळी बाहेरच्या टायरला लावतात, एका बाजूला एक अशा दोन. हे किमान. भरलेली गाडी आणि झोजीलासारखा चढ असेल तर दोन्ही टायरवर बसणारी तीन पट्ट्यांची साखळी चांगली, पण ती उचलायलाच दोन माणसं लागतात. बाहेरच्या टायरला लावताना आतल्या आणि बाहेरच्या टायरमधली फट बघा, साखळीची आतली बाजू त्या फटीत राहते, फट कमी असेल आणि टायर दबलेला असेल तर दोन्ही गाल कापतात. परत हवेवरच येतो विषय.

दुसरी जोडी पुढच्या चाकांना. चढताना गरज वाटणार नाही, उतरताना वाटेल. मागे साखळी आणि पुढे काही नाही अशी गाडी उतारावर ब्रेक मारला की मागून धरते आणि पुढची चाकं सरळ सरकत जातात, स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी वळत नाही. पुढे लावायच्या आधी घरी स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, साखळी कमान पाट्याला, ब्रेक पाइपला, शॉकअपला लागते का. मागे पण हेच, मडगार्ड, पाइप आणि चाकामधे चार बोटं मोकळी पाहिजेत. मडफ्लॅप खाली लोंबत असेल तर वर बांधा, साखळी तो ओढून घेते.

चढवायची कशी

बर्फ लागायच्या आधी थांबा. कडेला सपाट, रुंद जागा, वळणावर नाही, आणि वरून दगड किंवा बर्फ कोसळेल अशा कड्याखाली नाही. चारही इंडिकेटर चालू, हँडब्रेक, गिअरमध्ये, आणि ज्या चाकांना साखळी लावायची नाही त्यांना पुढून-मागून ठोकळे किंवा दगड. क्लीनर खाली असताना तुम्ही केबिनमधे बसून गाडी हलवणार असाल तर आधी ठरवा की तो डोळ्यासमोर उभा राहून हात दाखवल्याशिवाय चाक हलणार नाही. अंगावर रिफ्लेक्टरवाला जॅकेट, हातात रबरी हातमोजे आणि त्याच्या आत लोकरीचे, नुसते लोकरीचे ओले होऊन गोठतात.

साखळी जमिनीवर पूर्ण पसरा, एक पण पीळ राहू देऊ नका, अंधारात पीळ दिसत नाही म्हणून हाताने चाचपा. आडव्या साखळ्यांच्या हुकची उघडी तोंडं बाहेर आली पाहिजेत, टायरकडे तोंड राहिलं तर गाल कापतो. मग दोघांनी मिळून टायरवर वरून टाका, दोन्ही बाजूला सारखी लोंबली पाहिजे, आतल्या बाजूला हात घालून नीट सरळ करा. आता गाडी अर्धा मीटर हळू पुढे घ्या की साखळीची टोकं वर हाताशी येतात. आधी आतला हुक, जेवढा ताणला जाईल तेवढ्या शेवटच्या कडीत. मग बाहेरचा. सगळे उलटं करतात, बाहेरचा आधी लावतात कारण तो सोपा, आणि मग आतला सैल राहतो आणि तासाभरात साखळी बाहेर सरकते.

नंतर ताण देणारी चकती असेल तर चावीने फिरवा, नसेल तर जाड रबराचे ताणपट्टे चांदणीसारखे सगळीकडून ओढून लावा. ट्यूबचे पट्टे कापून पण होतात, आम्ही बरीच वर्षं तेच वापरले, पण थंडीत जुनी ट्यूब तडकते म्हणून दोन जास्तीचे ठेवा. उरलेलं टोक तारेने बाजूच्या साखळीला गच्च बांधा, तेच टोक पुढे पाइप कापतं.

मग पन्नास-शंभर मीटर हळू चालवा आणि परत उतरा. साखळी आपली जागा धरते आणि हमखास एक-दोन कड्या सैल होते. परत ओढा. बरेच जण कंटाळा करतात इथेच, थंडी एवढी असते की खाली उतरावंसं वाटत नाही, पण हा दुसरा ताण दिल्याशिवाय साखळी लावली असं म्हणूच नका. पुढे पाचेक किलोमीटरवर अजून एकदा बघा.

घरी सराव केलेल्या दोघांना एका जोडीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. न केलेल्यांना दीड तास, आणि तोपर्यंत तुमची सोडायची वेळ निघून गेलेली असते.

लावल्यावर चालवताना

स्पीड तीसच्या वर नाही, घाटात तर दहा-पंधराच. चाक जागेवर फिरवू नका, फिरलं की साखळी गरम होऊन तुटते आणि खाली खड्डा पडतो. गाडी फसली तर टायरखाली बारदान टाका. कांद्याची रिकामी दहा-पंधरा पोती मी कायम वर ताडपत्रीत ठेवतो, त्याच्यासारखी पकड लाकडाच्या फळीला पण येत नाही, फळी उडून मागच्या माणसाला लागते वर. एखादी पोतंभर वाळू किंवा बारीक खडी पण असू द्या.

उतारावर आधीपासूनच लहान गिअर, क्लच दाबायचा नाही, ब्रेक हलका हलका. एक्झॉस्ट ब्रेक गोठलेल्या रस्त्यावर एकदम लावू नका, हौसिंगची चाकं आवळली जातात आणि गाडीची मागची बाजू बाहेर पडते. पुढची गाडी चढावर अडकलेली दिसली तर खालीच सपाटीवर थांबा, ती वर पोचल्यावर निघा. चढाच्या मध्यात थांबलेली भरलेली गाडी परत उठवणं सगळ्यात अवघड.

पाला कुठे मिळतो ते पाठ करून टाका. पुलावर, डोंगराच्या सावलीतल्या वळणावर, रस्त्यावरून झऱ्याचं पाणी वाहतं तिथे आणि बोगद्याच्या तोंडाशी. बोगद्यातला कोरडा रस्ता संपून बाहेर आलात की पहिले दोनशे मीटर.

बोगद्यात साखळीचं काय करायचं हा नेहमीचा प्रश्न. आत थांबायचं नाही हे नक्की. बाहेर दोन्हीकडे बर्फ असेल तर मी साखळी ठेवून वीसच्या स्पीडने जातो, पलीकडे रस्ता साफ असल्याचं कळलं असेल तर तोंडाच्या आधी काढतो. कोरड्या काँक्रीटवर नऊ किलोमीटर म्हणजे साखळीचं आयुष्य बरंच कमी होतं आणि टायर पण खातो.

रात्री थांबायचं झालं तर चिखलगाळ बर्फात चाकं ठेवू नका, सकाळी ती दगडासारखी गोठलेली असतात. खडीवर थांबा किंवा चाकाखाली बारदान टाका. ब्रेकच्या ओल्या लायनर ड्रमला चिकटतात, म्हणून थांबायच्या आधी शेवटचा अर्धा किलोमीटर हलका ब्रेक दाबत या म्हणजे सुकतात. एअर टाकीतलं पाणी रोज काढा, टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह ओढून, नाहीतर पाइपात बर्फ होऊन ब्रेकच लागत नाही. डिझेल पण वर गोठतं, लडाखला इंडियन ऑइलचं उणे ३३ पर्यंत न गोठणारं विंटर डिझेल २०१९ पासून मिळतं, कारगिलच्या पुढे जाणार असाल तर खालचं डिझेल टाकीत कमीत कमी ठेवून वर पोचून ते भरा.

अमेरिकेत कोलोरॅडोत आय-७० हायवेच्या डोंगरी भागात १ सप्टेंबर ते ३१ मे आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी हायवेवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल मोठ्या मालवाहू ट्रकमध्ये साखळी असलीच पाहिजे असा नियम आहे, आकाशात ढग नसला तरी. आपल्याकडे अडवतात ते बर्फ पडल्यावर. आपण आपल्यापुरती तारीख ठरवून घ्यावी, मी दिवाळीनंतर वर जाणाऱ्या गाडीत साखळी टाकतो आणि मेच्या मध्याला काढतो.

परत आल्यावर

साखळी ओलीच गोणीत टाकून केबिनमागे फेकली की पुढच्या सीझनला गंजून कड्या एकमेकीत अडकलेल्या मिळतात. वरती रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं ते वेगळंच खातं. घरी आलात की पाण्याने धुवा, दोन दिवस उन्हात टांगा, मग जळक्या ऑइलमध्ये बुचकळून काढा आणि खुंटीला लटकवून ठेवा. टांगताना एकेक कडी बघायची, जिथे दोन कड्या एकमेकीला घासतात तिथे जाडी निम्म्यावर आली असेल तर ती आडवी बदला, बाजूची साखळी झिजली असेल तर सगळी काढून टाका. गाडीच्या टूलबॉक्समधे चार जास्तीच्या आडव्या, आठ-दहा जोडकड्या, मोठी पक्कड, जाड तार, एअर पाइपचा दोन मीटर तुकडा आणि त्याचे जॉइंट. तो पाइप कारगिलच्या बाबांनी दिला तेव्हापासून कायम ठेवतो, आणि दोनदा दुसऱ्यांच्या गाड्यांना लागला पण.